बारव मारोतराव, वय साडेपाच

माझ्या अंगणवाडीत एक मुलगी होती. नाव बारव, वडिलांचं नाव मारोतराव, आईचं भागीरथा. वय साडेपाच, वजन नऊ किलो, आणि मोबाइलमधल्या ॲपवर तिच्या नावासमोर लालभडक ठिपका: तीव्र कुपोषित. बाकीची पोरं सकाळी वाटी-चमचा वाजवत यायची, ही एक दिवससुद्धा आली नाही. येणार तरी कशी? ती गावाबाहेर चिंचेखाली आहे, अंगापिंडानं दगडी आहे, आणि तिच्यापाशी जायचं तर आपल्यालाच पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. कोणे एके काळी कोणीतरी फार मन लावून बांधलेली विहीर आहे ती.

आमचं गाव सावळदरा. दिग्रसहून पुसदच्या एसटीत बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि पऱ्हाट्या उपटलेल्या शेतांमधून चालत यायचं. गावाच्या आधी बारव लागते. ती किती जुनी आहे हे मामाजींना विचारू नये. मामाजी म्हणजे माझे सासरे मारोतराव, पुरातत्त्व खात्याचे रोजंदारीवरचे पहारेकरी. ते शाळेच्या पोरांना सांगतात की भीमाला तहान लागली म्हणून त्यानं कोपरानं जमीन फोडली. मास्तरांना सांगतात की देवगिरीच्या राजाची राणी इथं न्हायला थांबली होती. एका बँकेच्या साहेबांना त्यांनी सांगितलं की खाली तळाशी राजाची तिजोरी आहे. एकदा मी म्हटलं, "मामाजी, एक काय ते नक्की ठरवा ना."

"येनारा मानूस पाहून सांगा लागते, बाई," ते म्हणाले. "पोट्ट्याईले भीम आवडते, मास्तराईले राजे. इतिहास असाच असते."

खात्याकडे माणसं कमी, म्हणून मामाजींकडे तीन ठिकाणं. एक ही बारव. दुसरा फाट्यावरचा दगडात कोरलेला वीर, ज्याचं मुंडकं कधीच गेलं. आणि तिसरी पलीकडच्या गावातली देवळाची नुसती चौकट. देऊळ पडलं, चौकट उभी राहिली. मामाजी तिथं गेले की त्या चौकटीतच उभे राहत, म्हणजे नसलेल्या देवळाला दारवान तरी असे. खात्यानं त्यांना एक शिट्टी दिली होती आणि एक खाकी गणवेश, तो दुसऱ्याच कुठल्यातरी उंच माणसाच्या मापाचा. पँटचे पाय चार वेळा दुमडून ते कामावर जात. दुमडींमध्ये चिंचोके सापडत, कधी माझ्या लेकीच्या खुळखुळ्यातले मणी.

वरचे साहेब म्हणजे कमलाकर साहेब. पाच जिल्ह्यांना मिळून ते एकटे. फोनवर फार गोड बोलायचे. "मारोतराव, जीप आली आहे हो. ड्रायव्हरचं पद मंजूर झालं की पहिला तुमच्याकडेच येतो." पुढल्या वर्षी म्हणाले, "ड्रायव्हर मिळाला. डिझेलचं अनुदान तेवढं यायचंय." त्याच्या पुढल्या वर्षी डिझेल आलं, तेव्हा ड्रायव्हरची निवडणुकीच्या कामावर बदली झाली होती. मामाजींना याचा राग नव्हता. "सायेबाचं मन हाये यायचं," एवढंच म्हणत.

फेब्रुवारीत मात्र त्याच साहेबांचा फोन आला आणि मामाजी जेवताना उठून गेले.

बारवेला संरक्षण द्यायचा प्रस्ताव बरीच वर्षं वर पडून होता. आता असं ठरलं होतं की जी ठिकाणं अजून संरक्षित नाहीत, त्यांच्या देखभालीसाठी पैसा नाही. अशी ठिकाणं एखाद्या स्थानिक संस्थेनं दत्तक घ्यावीत आणि त्यांचं संगोपन करावं. मार्चअखेरपर्यंत कोणी दत्तक घेतलं नाही तर खात्याचा संबंध संपला, गावानं वाटेल ते करावं.

आणि गावाला काय वाटतं ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या सरपंच बसंतीबाई. बोलायला ठसकेबाज, कामाला वाघ. त्यांनी गावासाठी सभामंडप मंजूर करून आणला होता आणि तो निधीही मार्चअखेर परत जाणार होता. गावठाणात दुसरी सपाट जागा नव्हती. म्हणून बारवेवर स्लॅब टाकायचा आणि वर सभामंडप.

"खाली पानी, वर कार्यक्रम," बसंतीबाई ग्रामसभेत म्हणाल्या होत्या. "पंगतीले हात धुवाले दूर जा लागनार नाई." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मामाजी एकटेच हात बांधून बसले होते.

मला स्वतःला बारवेचं फार काही वाटायचं असं नाही. पण रोज दुपारी मामाजी माझ्या लेकीला, स्पृहाला, तिथं घेऊन जात. नाव माझ्या नवऱ्यानं, कपिलनं ठेवलेलं, टीव्हीवरून. सासूबाईंना ते अजून जमत नाही, त्या तिला 'सुपारी' म्हणतात. मार्चमधल्या उन्हात घराचे पत्रे तापून बोलायला लागतात, पण बारवेत दुसऱ्या टप्प्यावर उतरलं की गार असतं. माठाच्या पोटात बसल्यासारखं. सुपारी तिथं आजोबाच्या मांडीवर झोपायची, तोंड उघडं टाकून. तेवढ्या वेळात मी अंगणवाडीची कामं उरकायची. कधी काहीच उरकायची नाही, पायरीवर बसून तिच्या पापण्या बघायची. स्लॅब पडल्यावर ही झोप कुठं न्यायची, एवढा एकच प्रश्न मला पडला होता. मला तो मामाजींना विचारवतसुद्धा नव्हता.

मग मार्चच्या सुरुवातीला आमच्या सुपरवायझर कुंदा मॅडमचा मेसेज आला. "अर्पिताताई, तात्काळ! सावळदरा येथील एक बालक दत्तक-संगोपनासाठी आहे. नाव बारव. काळजी घेणारे मारोतराव. आजच ॲपवर नोंद करा."

काय झालं होतं ते मला नंतर कळलं. पुरातत्त्वचा आदेश जिल्ह्यातून खाली येताना कोणाच्यातरी टेबलावर थांबला. त्या माणसानं 'दत्तक', 'पालक' आणि 'संगोपन' हे तीन शब्द एकापाठोपाठ पाहिले आणि पुढचं वाचायचे कष्ट घेतले नाहीत. हे शब्द ज्यांचे, त्यांच्याकडे त्यानं तो ढकलून दिला. म्हणजे बालविकासकडे. म्हणजे शेवटी माझ्याकडे.

मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, बारव म्हणजे विहीर आहे."

"काय आहे?"

"विहीर. पाण्याची. दगडी."

पलीकडे पाच-सात माणसं बोलत होती, कुठलीतरी मीटिंग चालू होती. "हे पाह्य अर्पिताताई," मॅडम म्हणाल्या, "विहीर असो का नदी, वरून आलेलं हाये. मी वरच्याईले विचारलं तं ते मलेच म्हनन, तुमची नोंद काहून बाकी? संध्याकाळपर्यंत टाकून दे. मंग पाहू."

मी फोन ठेवला तेव्हा मामाजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

"म्हंजे सरकार तिचं नाव लिहून राह्यलं?"

"चुकून लिहून राह्यलं, मामाजी. हे लहान लेकरांचं ॲप आहे."

"चुकून का होईना," ते म्हणाले. "एकडाव नाव लागलं का सरकार काढत नाई. इतक्या वर्षांत मी हेच तं शिकलो."

सुपारीला कडेवर घेऊन मी नोंद करायला बसले. मामाजी शेजारी चटईवर मांडी घालून, लग्नाची बोलणी चालू असल्यासारखे ताठ.

मुलगा की मुलगी? बारव ती, म्हणून मुलगी. वडिलांचं नाव? मामाजींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आईचं नाव?

"भागीरथा लिही," मामाजी म्हणाले.

सासूबाई आत तूर पाखडत होत्या. सूप थांबलं. "अवो, मी कधी जन्म देला तिले? दोन पोरं झाले मले, दोनीचे दिवस माह्या ध्यानात हायेत. तिसरी ही मधातच कुठून आली?"

"लिहाले काय जाते?"

"जाते! उद्या कोनी विचारलं, बाळंतपन कुठी झालं, तं काय सांगू? चिंचेखाली?" त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "मी नाई कोनत्या विहिरीची माय. सांगून ठेवतो."

पण आईच्या नावाशिवाय ॲप पुढं जाईना. मी हळूच भागीरथा लिहिलं. सासूबाईंच्या सुपानं तेवढं मला ऐकवलं.

"वय?" मी विचारलं.

"सातशे लिही. आठशे लिही."

"सहाच्या वर घेत नाही हे."

मामाजींनी विचार केला. "मंग तिचं लहानपनचं लिही."

साडेपाच लिहिलं. उंची एकशे वीसच्या वर चालेना. मामाजी तडक गेले आणि दोरीला दगड बांधून तळापर्यंत पाणी किती आहे ते मोजून आले. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी त्यांच्या पोटापर्यंत होतं, एकशे दहा. "उंची म्हंजे पान्याची उंची," ते म्हणाले, "दगड तं काय, कपडे होय ते." राहिलं वजन. शून्य घेईना. तेव्हा बारवेचं पाणी घरातल्या छोट्या बादलीत भरून आणलं आणि अंगणवाडीच्या ताणकाट्याला, ज्याला आम्ही पोरं झोळीत घालून टांगतो, त्याला ती बादली टांगली. नऊ किलो भरली. मी आकडा टाकला.

एकशे दहा उंची, नऊ किलो वजन. ॲपनं क्षणभर गोल फिरून विचार केला आणि लाल झालं.

"हे काय म्हन्ते?" मामाजींनी चष्मा पुसला.

"तीव्र कुपोषित."

मामाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग फार हळू म्हणाले, "खरं हाये ते."

दुसऱ्या दिवसापासून काय सुरू झालं म्हणता! जी बारव इतकी वर्षं कोणाच्या नजरेला पडली नव्हती, तिच्यासाठी सकाळ-संध्याकाळ फोन. लाल बालकाची प्रकृती कशी आहे? भूक लागते का? ताप? जुलाब? कुंदा मॅडम तर कळवळून बोलायला लागल्या, कारण त्यांच्या हद्दीत लाल ठिपका असला की महिन्याच्या बैठकीत त्यांनाच उभं करत. मी प्रत्येक वेळी सांगायची, मॅडम, विहीर आहे. त्या म्हणायच्या, "ते मले माहीत हाये व, पन ॲपले माहीत नाई ना!" ॲप रोज सूचना पाठवायचं. बालकास उबदार ठेवा. बालकाशी गप्पा मारा. बालकास उकळून गार केलेले पाणी पाजा.

ही शेवटची सूचना मी मामाजींना वाचून दाखवली. ते इतके हसले की सुपारी दचकून रडायला लागली. पण बाकीच्या दोन त्यांनी मनावर घेतल्या. गप्पा तर ते आधीपासून मारतच होते. आता पायऱ्यांवरचा पाला रोज झाडायला लागले, कोनाड्यातलं गवत उपटलं, आणि तिन्हीसांजेला निघताना खाली वाकून विचारायचे, "काय व, जेवली का?" खालून आवाज घुमून यायचा: जेवली का.

अंडी आणि केळी लाल बालकाच्या घरी द्यायची असतात. ती मात्र मी उचलली नाहीत. मॅडमना सांगितलं, खाणार कोण? मॅडम म्हणाल्या, बेडूक असतील ना. मग आम्ही दोघी हसलो, आणि अंडी-केळी दोन खऱ्या हडकुळ्या पोरांकडे गेली.

मार्च संपत आला. सभामंडपाच्या गजांचा ट्रॅक्टर चिंचेजवळ येऊन उभा राहिला. मामाजी त्याच्याभोवती गणवेशात फिरायचे, शिट्टी ओठात धरून. वाजवायचे नाहीत, नुसती धरायचे. कमलाकर साहेबांना त्यांनी रोज फोन केला. साहेब म्हणत, "मारोतराव, एक संस्था शोधा. बचत गट, शाळा, पंचायत, काहीही. तुमच्या सुनेच्या ॲपचं माझ्या खात्यात चालत नाही हो." बचत गटानं विचारलं, पापड होतात का तिच्यातून? शाळेच्या मास्तरांची बदली झालेली, नवे आलेले नव्हते. आणि पंचायत म्हणजे बसंतीबाई.

अशा एका सकाळी जीप आली.

ड्रायव्हरसकट, डिझेलसकट. मामाजी धावत सुटले, त्यांना वाटलं कमलाकर साहेब. पण जीप आरोग्यवाल्यांची होती. लाल बालकाचं वजन वाढत नाही म्हणून पथक पाठवलं होतं: यवतमाळचे तरुण डॉक्टर साकेत, एक नर्सताई, वजनकाटा, आणि पोरांना रमवायला एक पिपाणी वाजणारं रबरी बदक. मागून कुंदा मॅडमही स्कूटीवर आल्या, घामाघूम. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच हात जोडले.

"बाळ कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच मामाजी पुढं झाले. पँटचे पाय दुमडलेले, टोपी नीट. "या सायेब. झोपली हाये, हळू या. चपला इथी काढा."

डॉक्टरांनी बूट काढले. बदक हातात घेऊन ते मामाजींच्या मागं पायऱ्या उतरले. पहिला टप्पा, दुसरा टप्पा. मी सुपारीला घेऊन त्यांच्या मागं, माझ्यामागं कुंदा मॅडम. खाली पोचल्यावर डॉक्टरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हिरवं पाणी, चारी बाजूंनी कोनाडे, एका कोनाड्यात पारवा. त्यांच्या हातातलं बदक दाबलं गेलं आणि पिपाणी वाजली. बारवेनं ती चारदा वाजवली. सुपारी खदखदून हसली. ते हसूही बारवेनं परत केलं.

"बाळ?" डॉक्टर म्हणाले.

"हेच," मामाजी म्हणाले.

"आजोबा, ही विहीर आहे."

"हो ना. मी सगळ्याईले तेच सांगून राह्यलो. अर्पितानंबी सांगतलं. कोनी ऐकाले तयार नाई."

डॉक्टर पायरीवर बसले. त्यांनी पायमोजे काढले आणि पाण्यात पाय सोडले. मला वाटलं रागावले. पण ते वर बघत होते, पायऱ्या कशा एकीवर एक चढत गेल्यात ते. "मी यवतमाळातच वाढलो," ते म्हणाले. "इथं हे असं काही आहे, कोणी सांगितलंच नाही."

"भीमानं कोपरानं फोडली," मामाजींनी सुरू केलं, मग डॉक्टरांकडे नीट बघून म्हणाले, "म्हंजे, राजानं बांधली."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. जिल्ह्याचे मोठे साहेब. ओल्या हातानं डॉक्टरांनी तो स्पीकरवर टाकला. "डॉक्टर, बालक सापडलं का? ग्रामपंचायतीनं काय लक्ष घातलं? सरपंच आहेत का तिथं?"

आणि सरपंच होत्या. जीप बघून बसंतीबाई लगबगीनं आल्या होत्या आणि वरच्या काठावर उभ्या होत्या. 'सरपंच' हा शब्द बारवेतून घुमून वर गेला तशा त्या तिथूनच ओरडल्या, "हाव सायेब! हाये इथीच!"

"मॅडम, तुम्ही त्या बालकाला भेट दिली का?"

"देली ना सायेब!" बसंतीबाई एकेक पायरी उतरत म्हणाल्या. "रोज सकायी जाऊन पाहतो. मी सोता लक्ष घातलं. पोट्टी आता लय सुधारली, सायेब. हसते, खेळते. मी हाये तोवर तिच्या केसालेबी धक्का लागू देनार नाई!"

"उत्तम. मी हे बैठकीत सांगतो. गावानं असं बालकामागे उभं राहायला हवं." फोन बंद झाला.

बसंतीबाई तोवर खाली पोचल्या होत्या. पदरानं मान पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनाचं व ते लेकरू? कुठी हाये?"

कुंदा मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. मामाजींनी पाण्याकडे हात केला. "माह्यी होय. बारव."

"याडी!" बसंतीबाईंच्या तोंडून त्यांच्या बंजारा बोलीतली 'आई' निघाली आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

"आता स्लॅब कसा टाकाल, सरपंच?" मामाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. "सायेबाले तुमी केसाचा शब्द देला."

"मारोतभाऊ, मले फसवलं तुमी!"

"मी कुठी? तुमी तं रोज सकायी येऊन पाहून राह्यल्या ना."

त्यावर डॉक्टरसुद्धा हसले, आणि मग बसंतीबाईही हसल्या, पोट धरून, पायरीवर बसून. पण डॉक्टर उठले तेव्हा गंभीर झाले होते. "हसण्यावर नेऊ नका. ठिपका लाल आहे तोवर दर आठवड्याला मला इथं यावं लागेल. ॲपमधून नाव काढायचं तर दोनच वाटा: स्थलांतर किंवा मृत्यू."

"दोनी नाई," मामाजी एकदम म्हणाले. "सायेब, दोनी नाई चालनार."

"मग वजन वाढायला हवं. मागचं वजन कसं केलं होतं?"

मी बादलीचं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "जे काट्यावर दिसेल तेच मी टाकीन. खोटं टाकणार नाही."

वरून भांड्याचा आवाज आला. सासूबाई होत्या. गावात बातमी चुलीच्या धुरापेक्षा लवकर पोचते, तशी त्यांच्यापर्यंत पोचली होती. कमरेवर त्यांच्या माहेरची पितळेची घागर, जी दसऱ्याशिवाय फळीवरून खाली येत नाही. त्या दणदण पायऱ्या उतरल्या, डॉक्टरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"नऊ किलो? त्या इतकुशा बादलीनं मोजते का कोनी? घरातल्या मानसाईले अक्कल नाई. माह्या पोट्टीले कुपोषित म्हन्ते!"

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं नाही. त्यांनी वाकून घागर बुडवली. पाणी आत शिरताना तो गुडूगुडू आवाज सगळ्या कोनाड्यांतून फिरला. घागर काट्याला टांगली. अठरा किलो.

मी डॉक्टरांसमोरच आकडा टाकला. ॲप गोल फिरलं आणि हिरवं झालं. कुंदा मॅडमनी मला मिठीच मारली, सुपारी मध्येच चेपली.

"आता माही गोठ ऐका," बसंतीबाई म्हणाल्या. "सायेब उद्या विचारन, सरपंच, ते लेकरू कुठी हाये? मी काय सांगू, सभामंडपाखाली? लाव तो पुरातत्त्ववाल्याले फोन."

कमलाकर साहेबांनी फोन उचलला तेव्हा ते कुठल्याशा किल्ल्यावर एकटेच टेप धरून मोजमाप करत होते, दुसरं टोक धरायला माणूस नव्हता म्हणून दगडाखाली ठेवलेलं. "पंचायत दत्तक घेते? अहो, फार चांगलं! लगेच करून टाकू." मग त्यांचा आवाज खाली आला. "मारोतराव आहेत का तिथं? मारोतराव, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. दत्तक गेली की तिथली जबाबदारी पंचायतीची. आपल्या खात्याची पहारेकऱ्याची जागा संपते."

"म्हंजे चौकट आनि वीर?"

"त्यांनाही आता माणूस नाही."

आम्ही सगळे मामाजींकडे बघत होतो. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. इतके दिवस ज्या कामासाठी ते धडपडले, ते झालं की त्यांचं तिथं काही उरणार नव्हतं. मला वाटलं ते म्हणतील, थांबा जरा. मीच म्हणणार होते. सुपारीनं हात लांब केले तशी मी तिला त्यांच्याकडे दिली, आणि तिनं सवयीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं. दुपारची वेळ झालीच होती.

"द्या सायेब," मामाजी म्हणाले. "पोट्टी कधीतरी द्याच लागते. घर चांगलं पाहून देली म्हंजे झालं." आणि बसंतीबाईंकडे वळून म्हणाले, "तिले भांडं आदळलेलं सहन होत नाई. घुमते."

बसंतीबाईंनी पदर कमरेला खोचला. "मारोतभाऊ, मायबाप बदलले तं आजा बदलते का? माह्याकडे पंचायतीत नळ सोडनाऱ्याची जागा खाली पडली हाये. सकायी नळ सोडा, बाकी दिवसभर नातीपाशी बसा. गनवेश मातर नाई."

"तो हाये माह्याकडे," मामाजी म्हणाले.

सभामंडप फाट्याजवळच्या बरडावर गेला, निम्म्या आकाराचा, मुंडकं नसलेल्या वीराच्या शेजारी. पंगतीला हात धुवायला आता टँकर येतो. बसंतीबाई वीराला आपला वॉचमन म्हणतात; रात्रंदिवस उभा राहतो, पगार मागत नाही. चौकटीकडे मात्र कोणी नाही. मामाजी अधूनमधून एसटीनं जातात, तिच्यात घटकाभर उभे राहतात आणि परत येतात. तिकीट स्वतःचं.

एप्रिलच्या मध्यावर, सुपारी बारवेच्या टप्प्यावर झोपली असताना, माझ्या फोनवर ॲपचा मेसेज आला. मी हसायला लागले. मामाजींनी ओठावर बोट ठेवलं, लेकरू उठेल म्हणून. मग हळूच विचारलं, "काय म्हन्ते?"

मी कुजबुजत वाचलं, "अभिनंदन. आपले बालक बारव मारोतराव हे इयत्ता पहिलीच्या प्रवेशास पात्र आहे."

"म्हंजे पास झाली?"

"हो, मामाजी."

सुपारीचं डोकं एका हातानं सावरत त्यांनी दुसऱ्या हातानं पँटचा सुटलेला पाय दुमडला, चौथ्यांदा.

"सांगून ठेव बाई त्याईले," ते म्हणाले, "पोट्टी शायेत येईन, पन गनवेश माप घेऊन शिवा म्हना. सरकारचं माप नेमी चुकते."